बॅरल रेसिंगच्या घोडीसाठी बिट कसं निवडावं?

कोयरी

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमध्ये, फोर्ट वर्थच्या पश्चिमेला राहतो. माझी तेरा वर्षांची लेक बॅरल रेसिंग करते. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: मैदानात तीन पिंपं त्रिकोणात ठेवलेली असतात. घोडा भरधाव आत येतो, तिन्हींना वळसे घालतो आणि तसाच भरधाव बाहेर जातो. बहुतेक स्वार पहिल्या पिंपाला उजवं वळण घेतात, मग उरलेल्या दोघांना डावं. प्रमाण आखणीत पहिली दोन पिंपं एकमेकांपासून ९० फुटांवर, तिसरं त्या दोघांपासून १०५ फुटांवर. पिंप पडलं की वेळेत ५ सेकंद वाढतात. इथे नंबर सेकंदाच्या शंभराव्या भागावरून ठरतात, त्यामुळे पिंप पडलं की त्या दिवसाचं सगळं गेलंच.

आमची घोडी क्वार्टर हॉर्स जातीची आहे, सात वर्षांची, स्वभावाने गुणी. पहिलं वळण सुरेख घेते. दुसऱ्या पिंपाशी मात्र डोकं वर करते, नाक पुढे काढते आणि लांबून निघून जाते. तिसऱ्याला तसंच, पण जरा कमी. बिट म्हणजे लगामाला जोडलेली घोड्याच्या तोंडातली दांडी. तिच्या तोंडात सध्या साधं डी-रिंग स्नॅफल आहे, म्हणजे इंग्रजी डीच्या आकाराच्या कड्यांचं, मधे एकच सांधा असलेलं.

प्रत्येक शर्यतीला कोणीतरी नवीन सल्ला देतं. साखळीचं गॅग घाला, कॉम्बिनेशन घाला, हॅकमोर घाला. दुकानात भिंतभर बिटं टांगलेली असतात. लेक म्हणते, "आई, जी ताई जिंकली ना, तिच्या घोड्याला आहे तेच घेऊ." मला आधी हे समजून घ्यायचंय की यातलं कुठलं काय करतं आणि आमच्या घोडीला नेमकं काय हवंय हे कसं ओळखायचं.

माळावरची

कोयरी, मी ओक्लाहोमात आहे, बरीच वर्षं डिव्हिजनच्या (वेळेनुसार गट पाडलेल्या) शर्यतींत पळतेय आणि लहान घोडे तयारही करते. सविस्तर लिहिते.

बिटं शेकडो दिसतात, पण मुळात ती दोन तऱ्हांनी काम करतात. स्नॅफलला तरफ नसते. लगामाला जेवढी ओढ दिली तेवढीच तोंडाला पोचते आणि ज्या बाजूचा लगाम ओढला त्याच बाजूला पोचते. म्हणून घोड्याला वाकायला, मान सैल सोडायला शिकवायचं तर स्नॅफलसारखं दुसरं काही नाही. शँक, म्हणजे बाजूने खाली जाणारी दांडी, असलेली बिटं तरफेवर चालतात. तोंडातल्या दांडीच्या वरचा भाग २ इंच आणि खालचा शँक ६ इंच असेल तर हातातली एक किलोची ओढ हनुवटीखालच्या पट्ट्याला तीन किलोंसारखी लागते. त्यात कानांमागच्या माथ्यावरही दाब येतो. घोडा थांबतो छान, पण फक्त एका बाजूला वाकवायला असं बिट तितकं सोपं नसतं.

शँक मागे वळलेला असेल तर बिट सावकाश फिरतं, घोड्याला इशारा समजून घ्यायला क्षणभर मिळतो. सरळ शँक लगेच लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे हात भरधाव घोड्यावर कधी ना कधी उडतातच, तिला सरळ लांब शँक मी देणार नाही.

गॅग या दोन्हींच्या मधलं. त्यात तोंडातली दांडी कडीवरून वर सरकते. आधी ओठांच्या कोपऱ्यांना आणि माथ्याला हळूच जाणवतं, मग तरफ लागते. बॅरलवाल्यांना ते आवडतं कारण घोडा वळणात खांदा टाकायला, म्हणजे आत झुकायला, लागला की त्याने उचलता येतो. कॉम्बिनेशनमध्ये नाकावर दोरीचा पट्टा असतो, त्यामुळे ओढ नाक, हनुवटी आणि तोंड यांत वाटली जाते. हॅकमोरमध्ये तोंडात काहीच नसतं, नाक आणि हनुवटी यांच्यावर काम चालतं. थांबवायला उत्तम, बाजूला वाकवायला कमकुवत.

आता तुमची घोडी. खरेदीच्या आधी हे करून बघा. तेच वळण चालत घ्या, मग दुडक्या चालीत, मग सावकाश लोपमध्ये, म्हणजे संथ दौडीत. तिथेही दुसऱ्या पिंपाशी नाक वर जात असेल तर वेगाशी संबंध नाही. तिला ते वळण येत नाही किंवा काहीतरी दुखतंय. सावकाश चालीत वळण गोल आणि मऊ येत असेल आणि फक्त पळताना फाटत असेल, तर ती 'रेट' करत नाहीये, म्हणजे पिंपाच्या आधी मागचे पाय खाली घेऊन वेग मोडत नाहीये. दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

धुळवड

घोड्यांतलं मला काही कळत नाही, पण धागा वाचतोय. एका घोड्याचा लगाम निखळला तरी तो जिंकला, असं काहीतरी वाचल्याचं आठवतं. ते खरं आहे का?

माळावरची

धुळवड, अगदी खरं. घोड्याचं नाव स्कँपर, कागदोपत्री गिल्स बे बॉय. स्वार शार्मेन जेम्स, तेव्हा जेमतेम १५ वर्षांची. १९८५ ची नॅशनल फायनल्स रोडिओ, म्हणजे वर्षाची अंतिम स्पर्धा, लास वेगास. आत शिरतानाच हेडस्टॉल, म्हणजे बिट धरून ठेवणारा डोक्यावरचा पट्टा, सुटला आणि बिट तोंडातून गळून पडलं. घोड्याने तिन्ही वळणं घेतली आणि ती फेरी जिंकली. १९८४ ते १९९३ असं सलग दहा वर्षं ही जोडी जगज्जेती होती.

हा किस्सा सांगून काही लोक म्हणतात, बघा, बिटाची गरजच नाही. मला त्यातून वेगळं दिसतं. त्या घोड्याला प्रत्येक पिंपाशी काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं आणि मुलगी आपल्या बुडाने आणि पायांनी त्याच्याशी बोलत होती. हे शिक्षण अंगात भिनलेलं असलं की बिटाचं काम आठवण करून देण्यापुरतं उरतं. ते नसेल तर कुठलंही बिट वळण आणून देत नाही.

वाऱ्याची_लेक

मी ॲरिझोनात. माळावरचींशी बरंचसं सहमत, पण हॅकमोरला त्यांनी थोडक्यात उडवलं असं वाटलं. माझा गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा) कुठल्याही बिटात तोंड उघडून पळायचा. लहान शँकचं, दोरीच्या नाकाचं हॅकमोर घातल्यापासून शांत झाला. जो घोडा मुळातच नीट वळतो आणि फक्त गरम होतो, त्याला तोंड मोकळं दिलं की फरक पडतो. कोयरींच्या घोडीचं पहिलं वळण सुरेख आहे, म्हणजे तिला वळता येतं. हॅकमोर लावून तर बघा!

पशुवैद्य_कॅन्सस

थोडं थांबा. कोयरी, मी घोड्यांचीच डॉक्टर आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग दातांचा आहे. मला तुमच्या वर्णनात एक गोष्ट खटकली. उजवं वळण चांगलं, दोन्ही डावी वळणं वाईट. हे दोन्ही बाजूंना सारखं असतं तर मी शिक्षणाकडे बोट दाखवलं असतं.

घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. चघळताना वरच्या दाढांची बाहेरची कड झिजत नाही, तिला सुरीसारखी धार येते, थेट गालाच्या आतल्या बाजूला. आता डावा लगाम ओढला की स्नॅफल तोंडातून डावीकडे सरकतं आणि उजवीकडची कडी उजव्या गालावर दाबली जाते. गाल आत ढकलला जातो तो त्या धारदार कडेवर. डावं वळण घेताना घोडी डोकं वर करते, ते उजव्या गालात दुखत असल्यामुळे असू शकतं. लोक डाव्या बाजूला बघत बसतात.

याशिवाय वुल्फ टीथ तपासून घ्या. पहिल्या दाढेच्या पुढे येणारे ते छोटे दात, बिट बरोबर त्यांच्यावर आपटतं. लहान घोड्यांत दुधाच्या दाढांच्या टोप्या साधारण अडीच ते साडेचार वर्षांपर्यंत सुटत असतात, त्या काळात तोंड वारंवार हुळहुळं असतं. तुमची घोडी सात वर्षांची, तो टप्पा तिचा संपलाय, पण दातांची धार काढायला ते शेवटचे कधी कानशीने घासले होते? मागच्या मालकाकडे विचारा. वर्षातून एकदा तरी तपासणी हवीच.

आणि दात ठीक निघाले तर मागच्या पायांचे घोटे, म्हणजे हॉक, पाठ, खोगिराचा दाब, खूर हे सगळं बघून घ्या. डाव्या वळणात भार डाव्या मागच्या पायावर येतो. तिथे दुखत असेल तर घोडी तो पाय खाली घ्यायला नाखूश असते आणि लांबून जाते. भारी बिट घातलं तर कदाचित ती वळेलही, पण दुखणं तसंच राहील.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यातला. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो, तिथे दरवर्षी जाणं असतं. बॅरल रेस आम्ही फक्त मोबाइलवर बघतो, पण डॉक्टरबाईंनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही.

आपल्याकडे अजूनही काटेरी लगाम दिसतात. दांडीवर खिळ्यांसारखे काटे, ते ओठांत आणि जिभेत रुततात. लग्नाच्या वरातीत घोडा नाचतोय असं लोकांना वाटतं, पण त्यातल्या कितीतरी घोड्यांच्या तोंडाच्या कडा फाटलेल्या असतात. १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटे असलेली बिटं वापरायला बंदी आहे, तरी चालतात. आमच्या मारवाडी घोड्यांना आम्ही साधी गुळगुळीत कडी वापरतो. जातिवंत तापट घोडा त्यावर सांभाळता येत नाही हे मला कोणी सांगू नये, आमच्या वडिलांनी आयुष्यभर तसेच सांभाळले. फार जोर लावावा लागत असेल तर आधी तोंड उघडून बघा, एवढंच ते सांगायचे.

पर्वती

पुण्याच्या रेसकोर्सवर काम केलेलं आहे, त्यावरून एक मुद्दा. शर्यतीच्या थरोब्रेडला आम्ही बिटावर टेकून पळायला शिकवतो. जॉकी लगाम धरून ठेवतो आणि घोडा त्यावर रेटून पुढे जातो. क्वार्टर हॉर्सच्या पळणाऱ्या वंशांत थरोब्रेडचं रक्त भरपूर असतं, आणि काही घोडे आधी सपाट शर्यती पळून मग बॅरलकडे येतात. असा घोडा ओढलं की जास्तच पळतो. त्याला ताकदीने थांबवता येत नाही, ओढ देऊन लगेच सोडायला लागतं. कोयरी, तुमच्या घोडीचा इतिहास तसा नाही ना?

वाऱ्याची_लेक

पर्वती, हे फार महत्त्वाचं. माझा गेल्डिंग ट्रॅकवरूनच आलेला! आणि डॉक्टर, तुमचं गालाचं वाचल्यावर मी माझ्याही घोड्याची वेळ घेऊन टाकली.

कोयरी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगायला बरंच आहे म्हणून काही आठवडे थांबून लिहितेय.

आधी माळावरचींनी सांगितलं तसं सावकाश करून पाहिलं. चालताना ठीक, पण दुडक्या चालीतही डाव्या वळणात नाक बाहेर निघत होतं. मग दाताच्या डॉक्टरांना बोलावलं. गुंगीचं औषध देऊन, तोंड उघडं ठेवायचं यंत्र लावून त्यांनी आत दिवा घातला आणि मला बोट घालून बघायला लावलं. उजवीकडच्या वरच्या दाढांना खरंच धार होती आणि गालाच्या आत जुनी जखम, मधेच भरलेली, मधेच पुन्हा फाटलेली. मला तिथेच रडू आलं. घोडी एवढे दिवस तेच तर सांगत होती.

दात घासून झाले. जखम भरेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही असं ठरवलं. लेकीने तेवढे दिवस साइडपुलवर (बिनबिटाचा, नाकपट्ट्याला बाजूने लगाम असलेला) फक्त चालवली आणि थोडी दुडक्या चालीत. आता बिट पुन्हा चालू केलंय. सावकाश चालीत दोन्ही बाजूंना सारखी वाकते! पळवल्यावर डोकं वर जात नाही, पण दुसऱ्या पिंपाच्या पुढे अजून दोन पावलं जातेच. मागच्या मालकाकडून कळलं की ती ट्रॅकवर कधी नव्हती. हॉक आणि पाठ ठीक आहेत. आता बिट बदलण्याबद्दल विचारलं तर चालेल ना?

पशुवैद्य_कॅन्सस

वाचून बरं वाटलं. आता खुशाल बदला. फक्त एक: एका सांध्याचं स्नॅफल दोन्ही लगाम ओढले की अडकित्त्यासारखं मिटतं आणि त्याचा सांधा काही घोड्यांच्या टाळूला लागतो. मधे छोटा तुकडा असलेलं, म्हणजे तीन भागांचं, जिभेवर सपाट बसतं. घरच्या सरावासाठी तेच घ्या. तोंडाची रुंदी मापून घ्या. बहुतेकांना ५ इंच लागतं, पण लहान घोडीला पाव इंच कमी, म्हणजे पावणेपाचही, नीट बसतं. दोन्ही बाजूंना पाव इंचाहून जास्त मोकळं नको.

माळावरची

कोयरी, आता चित्र स्वच्छ झालं. सावकाश चालीत वळण येतंय, पळताना रेट येत नाहीये. अशा घोडीला वाकवणं आणि थोडा उचल, दोन्ही देणारं काहीतरी हवं. माझी निवड: तीन भागांची गुळगुळीत दांडी, लहान आणि मागे वळलेला शँक, थोडंसं सरकणारं गॅग. लोखंडाची दांडी, तांब्याची पट्टी असली तर चांगलं, घोड्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि जबडा सैल राहतो. पिळाच्या तारेची दांडी अजिबात नको, जखम नुकतीच भरली आहे.

साखळीच्या दांडीबद्दल तुम्हाला सगळे सांगताहेत. ती सगळीकडून वाकते म्हणून घोडे त्यात छान वळतात हे खरं आहे, माझ्याकडेही एक आहे. पण बाजूने ओढली की ती तोंडातून घासत जाते. पक्क्या हाताच्या स्वाराला ठीक, तुमच्या लेकीला सध्या नाही. दुकानात स्वस्तात मिळणारं टॉम थंबही टाळा. एक सांधा आणि सरळ छोटे शँक, त्यात घोड्याला वळायचं की थांबायचं ते कळत नाही.

नवीन बिट थेट शर्यतीत घालू नका. आधी त्यात चालवा, थांबवा, मागे घ्या. मग गोल लोप. मग पिंपांभोवती सावकाश. ती त्यात आरामात वाटली की मगच एक पूर्ण वेगाची फेरी. आणि शर्यत झाली की घरी परत स्नॅफल. शर्यतीचं बिट रोज घातलं तर ते वर्षभरात बोथट होतं, मग त्याहून कडक शोधावं लागतं, आणि असंच वर वर चढत गेलेले घोडे मी फार पाहिलेत. रेनिंगसारख्या खेळांत बिटाची मापं नियमातच बांधलेली असतात. आपल्याकडे तशी फारशी बंधनं नाहीत, त्यामुळे कुठे थांबायचं हे आपणच ठरवायचं असतं.

रेट मुळात बुडातून शिकवा. पिंपाच्या आधी लेकीने खोगिरात खोल बसायचं, मग शब्द, मग हात. या क्रमाने. ज्या दिवशी ती बसताक्षणी घोडी मागून खाली बसेल त्या दिवशी हाताचं काम निम्मं होईल. सावकाश सराव करताना दुसऱ्या पिंपाच्या आधी पूर्ण थांबवा, दोन पावलं मागे घ्या, मग शांतपणे वळण पूर्ण करू द्या. प्रत्येक वेळी नको, नाहीतर ती आपणहून थांबायला लागेल आणि वळणातला जोर जाईल.

वाऱ्याची_लेक

मी अजूनही म्हणेन की गाल पूर्ण बरा होईपर्यंत शर्यतीलाही हॅकमोर चाललं असतं. पण ती वाकायला शिकतेय, तेव्हा गॅग ठीक. कोणी हॅकमोर लावणार असेल तर नाकाचा पट्टा गालाच्या हाडाच्या टोकाखाली साधारण दोन बोटं ठेवा. फार खाली आला तर मऊ भागावर बसतो, आणि घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो.

कोयरी

घेतलं ते बिट! हनुवटीखालचा पट्टा किती घट्ट ठेवायचा? आणि टाय-डाउन, म्हणजे डोकं वर जाऊ नये म्हणून बांधायचा पट्टा, पण लावावा असं शर्यतीतल्या एकांनी सुचवलंय.

माळावरची

पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. फार सैल असेल तर बिट गरगरा फिरतं आणि काही पकडतच नाही. फार घट्ट असेल तर लगाम सोडला तरी दाब सुटत नाही, आणि दाब सुटणं हेच तर घोड्याचं बक्षीस. चामड्याचा सपाट पट्टा घ्या, साखळी असेल तर ती पिळलेली नाही ना ते बघा.

टाय-डाउन आत्ता नको. काही घोडे वळणात त्यावर तोल सांभाळतात, त्यांच्यासाठी तो उपयोगी आहे. पण तुमची घोडी डोकं दुखण्यामुळे वर करत होती, आणि ते आता थांबलंय. बांधून ठेवलं तर उद्या पुन्हा काही दुखायला लागलं तरी ते दिसणार नाही. महिनाभर या बिटात सावकाश काम करा, दोन-चार छोट्या शर्यती होऊ द्या आणि दुसऱ्या पिंपाचा व्हिडिओ बाजूने काढून इथे टाका. त्यात मला तिचे मागचे पाय बघायचेत, डोकं नाही.